धार धरावी, ओढा सोडावा

आमच्या गावात सीमोल्लंघनासाठी दसऱ्याची वाट बघावी लागत नाही. चंदीगडचा माणूस सकाळी पंचकुल्याला ऑफिसात गेला की हरियाणात पोचतो आणि संध्याकाळी झिरकपूरला बहिणीकडे जेवायला गेला की पंजाबात. आमच्या शेजारच्या सुशीला आंटी तर पनीर आणायला म्हणून दुसऱ्या राज्यात जातात आणि कोथिंबीर विसरली म्हणून पुन्हा जातात. एवढ्या सीमा ओलांडूनही त्यांना कधी कुणी सोनं दिलेलं नाही.

तरीही आमच्या मराठी मंडळाने वीस वर्षं दसऱ्याला खरंखुरं सीमोल्लंघन केलं. पायी, डोंगर चढून. आणि ते सुरू केलं मी, रत्नप्रभा शितोळे, मूळ गाव भोर, मुक्काम चंदीगड. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. म्हणजे थोडं मोठेपणासाठीच सांगते आहे, पण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझा मोठेपणा काही शिल्लक राहणार नाही, तेव्हा आत्ताच उरकून घेते.

पंचकुल्याच्या वर शिवालिकची पहिली जंगलाची धार दिसते. खैर, घाणेरी, बांबू, आणि अगदी वर चीडची, म्हणजे पाइनची झाडं. वनखात्याने तिथे फिरायच्या वाटा आखल्या आहेत. रविवारी अर्धं शहर तिथे पाण्याची बाटली घेऊन तब्येत कमवायला जातं. त्यातली सगळ्यांत लांबची वाट धारेच्या माथ्यावर जाते. तिथे एक चुना लावलेला खांब आहे. अलीकडे हरियाणा, पलीकडे हिमाचल. पहिल्या वर्षी तो खांब बघितला आणि मी म्हटलं, हेच आपलं सीमोल्लंघन. खांब ओलांडायचा आणि पलीकडे उभं राहून एकमेकांना सोनं द्यायचं. आपटा इथे आम्हाला कुठे दिसला नव्हता, पण कचनार रस्तोरस्ती. पान तसंच, मधे दुभंगलेलं, फक्त आकाराने थोरलं. पुण्याहून कुरिअरने आलेली वाळकी पानं वाटण्यापेक्षा हे आपट्याचं थोरलं भावंड बरं.

मी त्या वेळी इथल्या मोठ्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते, आता निवृत्त आहे. पण डोंगर माझ्यात त्याच्या फार आधीपासून. वडील मला आठव्या वर्षी रोहिड्यावर घेऊन गेले. रायरेश्वर तर किती वेळा केला याला हिशोब नाही. त्यांचा एक नियम होता, धार धरावी, ओढा सोडावा. ओढा गोड बोलून खाली बोलावतो आणि कड्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो, असं ते म्हणायचे. सह्याद्रीत हे शंभर टक्के खरं आहे. माझी चूक एवढीच, की मी ते सगळ्या पृथ्वीला लागू केलं.

यंदा भाद्रपद संपता संपता मंडळाची बैठक आमच्याच घरी होती. नरेंद्र देवधर सचिव, सरकारी विमा कंपनीत अधिकारी. माणूस चांगला, पण कुठल्याही प्रश्नावर गाडी काढणे हा त्यांचा उपाय. चहा संपायच्या आत ते म्हणाले, "ताई, तुमच्या गुडघ्याचं हे असं. गेल्या वर्षी आपण गेलोच नाही. यंदा असं करू, सगळे गाड्यांनी पंचकुल्याला जाऊ, कुठल्याशा पार्किंगमध्ये सोनं वाटू. राज्य तर बदललंच ना? पक्कं सीमोल्लंघन!"

"देवधर," मी म्हटलं, "तुम्ही रोज ऑफिसला जाताना सीमोल्लंघन करता. तुम्हाला रोज आरती ओवाळायची का?"

लोक हसले. पण हसून प्रश्न सुटत नव्हता. माझ्या उजव्या गुडघ्याची कूर्चा झिजली होती आणि डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितला होता. नवीन बदलून आलेल्या कुटुंबांतलं कुणी तिथे एकदाही गेलेलं नव्हतं. नेणार कोण?

"जाई नेईल," मी म्हटलं.

जाई माझी मुलगी. बत्तीस वर्षांची, सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेत काम करते. मातीतले जीवाणू हा तिचा विषय. त्या मातीसाठी ती महिन्यातून दोनदा त्याच डोंगरात पिशव्या घेऊन हिंडते. तिथला एकेक चो, म्हणजे पावसाळ्यात फुगणारा आणि एरवी वाळूने भरलेला ओढा, तिला घरातल्या खोल्यांसारखा माहीत आहे.

मग पद्मिनीवहिनी साठ्ये सावकाश म्हणाल्या, "जाई गुणाची आहे हो. पण तिच्यावर माणसं सोपवायची म्हणजे... त्या वेळी काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. यंदा माझी नात येणार आहे. मी नाही पाठवणार तिच्याबरोबर."

दोनचार माना डोलल्या. माझे यजमान रघुवीर कोपऱ्यात बसले होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मी टेबलावरचे चिवड्याचे कण गोळा करत राहिले.

"मग मीच नेते," मी म्हटलं. "गुडघ्याला पट्टा बांधीन. विषय संपला."

त्या वेळी काय झालं ते आता सांगते. दोन वर्षांपूर्वीचा दसरा. वाटेवर एका ठिकाणी फाटा आहे, उजवीकडे चो आणि डावीकडे डोंगराची एक सोंड थेट वर जाते. नेहमीची वाट चोच्या काठाने जायची, पण ती त्या पावसात वाहून गेली होती. जाई म्हणाली, "आई, चोमधूनच जाऊ. इथे धारा मातीच्या आणि गोट्यांच्या आहेत, कधी ढासळतील नेम नाही. गुज्जर लोक म्हशी घेऊन चोनेच वर जातात."

बाकीचे जरा मागे असताना मी तिला हळूच, पण चांगलंच झापलं. "म्हशींच्या मागे जायचं का आता? मी डोंगर चढत होते तेव्हा तुझा जन्म नव्हता झाला. धार धरायची. तू पुढे हो आणि वाट कुठवर आहे ते बघून सांग."

ती पुढे झाली. तिच्या मागे सगळी मंडळी आणि मधे मी. सोंड अरुंद होत होत शेवटी चक्क तुटली होती. पुढे वीस हात मोकळी हवा. परत फिरताना पायाखालचे गोटे सुटायला लागले, बायका किंचाळल्या, आणि रघुवीर घसरले. घोट्याचं हाड मोडलं. वनरक्षक आणि दोन गुज्जर बाप्ये यांनी त्यांना पाठीवर घालून खाली आणेपर्यंत तीन तास गेले. लहान मुलं उपाशी रडत होती.

खाली आल्यावर देवधरांनी घाम पुसत विचारलं, "पण इकडून चढायला सांगितलं कोणी?"

"जाई पुढे होती ना," पद्मिनीवहिनी म्हणाल्या.

एका वाक्याचं काम होतं. मी सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. जाईने माझ्याकडे पाहिलं. मी रघुवीरांच्या पायाला बांधलेली ओढणी सोडून पुन्हा बांधायला घेतली. ओढणी चांगली बांधलेली होती.

त्यानंतर दोन महिन्यांत जाईने झिरकपूरला फ्लॅट भाड्याने घेतला. संस्थेला तिथून दीड तास लागतो, रस्ता कायम तुंबलेला. आईच्या घरून पंधरा मिनिटं सोडून कोणी दीड तास का घेईल, हे मंडळात कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला माहीत होतं.

बैठकीची माणसं गेल्यावर रघुवीर कपबश्या विसळत होते. दूरसंचार खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस, आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही. घोट्यात स्टीलची पट्टी आहे, थंडीत दुखते, पण त्याबद्दल चकार शब्द नाही.

"तुम्ही ऐकलं होतंत ना त्या दिवशी?" मी विचारलं. "मी तिला म्हटलं ते?"

"तुझ्या मागेच होतो मी."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर ते माझं बोलणं झालं असतं," ते म्हणाले. "तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. आधी वाटलं आठवडाभरात सांगशील. मग वाटलं दिवाळीपर्यंत." त्यांनी नळ बंद केला. "दोन वर्षं झाली, रत्ना."

मला राग आला. खरं सांगायचं तर रागाच्या खाली लाज होती, पण मला राग लवकर सापडतो. मी म्हटलं, माणसाचा पाय मोडलाय तो गप्प, मुलीवर आळ आलाय ती गप्प, आणि या घरात बोलायचं काम तेवढं माझ्याकडे! ते म्हणाले, "हो. कारण चूक तेवढी तुझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी डब्यात चकल्या भरल्या आणि झिरकपूरला निघाले. विमानतळाच्या रस्त्याला टॅक्सी चाळीस मिनिटं एकाच पुलाखाली उभी होती. चालक म्हणाला, "आंटीजी, यहाँ तो रोज का है." मी मनात वाक्यं जुळवत होते. जुळत होती आणि विस्कटत होती.

जाईने दार उघडलं. हातात मातीची पिशवी, केसांना पेन खोचलेलं. "अरे, आई! फोन तरी करायचा. बस. चहा टाकते." सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून दूरवर तोच डोंगर. खिडकीतल्या एका कुंडीत कचनारचं रोप होतं, हातभर वाढलेलं. ती संस्थेतल्या गोष्टी सांगत राहिली, मी ऐकत राहिले. आम्ही दोघी या दोन वर्षांत गोड बोलण्यात फार तयार झालो होतो.

शेवटी मी म्हटलं, "यंदा मी पुन्हा नेणार आहे. तू येतेस का?"

"गुडघा?"

"पट्टा बांधीन."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर नकोच म्हणणार. ते त्यांचं कामच आहे." मग एक घोट चहा घेऊन मी ते अर्धंमुर्धं वाक्य काढलं. "जाई, त्या दिवशी जरा चुकलंच माझं."

तिने कप खाली ठेवला. ती चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं. "आई, मला नको सांगूस," ती म्हणाली. "मला माहीत आहे. मी होते तिथे."

मी चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"तुला ठाऊक आहे का," ती म्हणाली, "गेल्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांना फील्डवर न्यायचं होतं. त्यात पद्मिनीकाकूंची भाची होती. घरून फोन आला, जाई मॅडम नेणार असतील तर मुलीला नाही पाठवत. मी दुसऱ्याला पाठवलं. अपने ही पहाड पे यार, ऐसा लगता है जैसे मैं ही खड्डा हूँ." ती हसली आणि मग हसणं थांबवून म्हणाली, "तेव्हा लोकांपुढे तुला खोटं पाडणं मला जमलं नाही. मला वाटलं, घरी येऊन तरी म्हणशील. एकदा."

"येशील का?" मी पुन्हा विचारलं. दुसरं काय विचारावं ते सुचलं नाही.

"बाबांसाठी येईन. त्यांचा पाय आहे, सोबत कोणी हवं. पण पुढे चालणार नाही मी. आणि वाट विचारू नकोस मला."

चकल्यांचा डबा मी विसरून तसाच परत आणला.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही सव्वीस जण डोंगराच्या पायथ्याशी जमलो. आभाळ धुतल्यासारखं निळं, आठवडाभरात पावसाचा थेंब नव्हता. आदल्या दिवशी तोडलेली कचनारची पानं एका कापडी पिशवीत, आणि पिशवी नेहमीप्रमाणे माझ्या खांद्यावर. पद्मिनीवहिनींची नात ऋता, नऊ वर्षांची, पायात नवे बूट घालून उड्या मारत होती. आजीने मराठीत "सावकाश" म्हटलं की ती हिंदीत "हाँ दादी" म्हणायची आणि अजून उंच उडी मारायची. जाई सगळ्यांत मागे रघुवीरांबरोबर होती. लोक तिच्याशी नीट बोलले, हसले, आणि आपापल्या मुलांना हाताला धरून पुढे सरकले.

मी काठी टेकत पुढे चालले. पहिला अर्धा तास गुडघा मुकाट्याने चालला. दुसऱ्या अर्ध्या तासात त्याने तक्रार सुरू केली. रानकोंबडा ओरडला, मुलांनी त्याची नक्कल केली, देवधरांनी गाडी रस्त्यात नीट लावली आहे ना याची तिसऱ्यांदा चौकशी केली. तो फाटा जवळ येत होता आणि मला तो चढापेक्षा जड जात होता.

फाटा आला. डावीकडे तीच सोंड. वरचं टोक आणखी ढासळून लाल माती उघडी पडली होती. उजवीकडे चो, पांढऱ्या वाळूचा, मधून बोटभर पाणी. वाळूत म्हशींच्या खुरांचे ताजे ठसे. आंधळ्यालाही कळावं कुठून जायचं ते. आणि तरी सांगते, माझं डावं पाऊल आपोआप सोंडेकडे वळलं होतं. पन्नास वर्षांची सवय.

मी पाऊल मागे घेतलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "यंदा चोने जाऊ."

बघा किती सोपं होतं. वाट बरोबर, माणसं सुखरूप, माझा मान शाबूत. दहा पावलं टाकली असती की फाटा मागे पडला असता. मी मागे वळून पाहिलं तर जाई खाली वाकून बाबांच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने ऐकलं होतं. तिने मान वर केली नाही.

पद्मिनीवहिनींनी सुटकेचा नि:श्वास टाकला. "बरं झालं बाई! ताई असल्या की काळजी नाही. त्या वेळी जाई पुढे होती म्हणून आपण तिकडे मेलो."

हे वाक्य मी तिसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा ओढणी बांधली, दुसऱ्यांदा चिवड्याचे कण वेचले. आता माझ्या हातात फक्त काठी होती आणि तिला काही करायचं नव्हतं.

"वहिनी, थांबा," मी म्हटलं. "सगळेच थांबा जरा. मला बोलायचंय."

लोकांना वाटलं आता दरवर्षीचं भाषण. देवधरांनी तर टोपी काढून हातात घेतली.

"त्या वर्षी सोंडेने मी नेलं तुम्हाला. जाई म्हणत होती, चोने जाऊ. इथेच, याच जागेवर म्हणत होती. मी तिला झापलं आणि वर जायला लावलं. ती पुढे होती कारण मी तिला वाट बघायला पुढे पाठवलं होतं. खाली आल्यावर देवधरांनी विचारलं कोणी सांगितलं, तेव्हा मी गप्प बसले. तुम्ही तिचं नाव घेतलंत, तेव्हाही गप्प बसले. गेल्या महिन्यात माझ्या घरी बसून तुम्ही तेच म्हणालात, तरीही गप्प बसले. यांचा पाय माझ्यामुळे मोडला आणि आळ मी पोटच्या पोरीवर राहू दिला. मला लाज वाटत होती म्हणून. आता त्याहून जास्त वाटते."

मी रडणाऱ्यातली नाही. पण डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला मी काही शोधलंही नाही.

देवधर टोपी तशीच हातात धरून उभे. मग पद्मिनीवहिनी म्हणाल्या, "ताई, हे बरं नाही केलंत तुम्ही."

"नाही केलं."

"दोन वर्षं मी त्या पोरीला..." त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या माझ्यावर चिडल्या होत्या आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. "माझ्या भाचीच्या घरी मी स्वतः फोन केला होता. आता मी तिला काय तोंड दाखवू?" मला त्यांच्या रागाचं बरं वाटलं. सावरून घेतलं असतं तर मी परत मोठी झाले असते.

मग त्यांनी ऋताचा हात धरला आणि माणसांमधून वाट काढत सरळ मागे गेल्या. जाई उभी राहिली होती. वहिनींनी तिची माफी मागितली की नाही, मला ऐकू आलं नाही. मी पाहिलं ते एवढंच, की त्यांनी नातीचा हात काढून जाईच्या हातात दिला.

"घेऊन जा पुढे," त्या मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आम्ही येतो तुझ्या मागे."

ऋताने वर पाहून विचारलं, "दीदी, साँप होंगे क्या?"

"होंगे," जाई म्हणाली. "पर तुम्हारे जूते देख के भाग जाएँगे. चल."

ती माझ्याजवळून गेली. थांबली. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. तिने माझ्या खांद्यावरची कापडी पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. "वजन नको गुडघ्यावर," एवढंच म्हणाली आणि चोमध्ये उतरली.

वीस वर्षांत मी पहिल्यांदा सगळ्यांच्या मागे चालले. एक स्टीलची पट्टी आणि एक झिजलेला गुडघा, अशी आमची वरात. पुढे चालणाऱ्याला फक्त वाट दिसते. मागून माणसं दिसतात. देवधर एका म्हाताऱ्या गृहस्थांची पिशवी घेऊन चालले होते, आणि गाडीबद्दल बोलत नव्हते. जाई प्रत्येक वळणावर थांबून मागे बघत होती. मी पुढे असताना अशी कधी थांबले होते का, आठवून पाहिलं. नव्हते थांबले.

"झालं का बरं वाटायला?" रघुवीरांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हलकं वाटतंय. बरं नाही वाटत अजून."

"चालेल. तेही होईल." त्यांनी मला हात दिला. दोन मोडकी माणसं एकमेकांना आधार देत वाळूतून चालत होतो, आणि खरं सांगते, चो अगदी सज्जन होता. कुठल्या कड्यावर नेऊन त्याने आम्हाला सोडलं नाही. वडील असते तर मी त्यांना म्हटलं असतं, अण्णा, तुमचा नियम भोरचा होता हो. मी तो न विचारता हजार मैल आणला.

शेवटचा चढ मात्र चढच होता. मला वाटलं, आपण इथेच बसावं, वर त्यांचं सोनं वाटून झालं की येतील खाली. तसं म्हटलंही. रघुवीर म्हणाले, "बस. मी जाऊन सांगतो, रत्ना हरली." मी उठले. या माणसाला माझी कळ कुठे आहे ते बरोबर माहीत आहे.

आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा इतरांना येऊन अर्धा तास तरी झाला असेल. वारा सुटला होता. मला वाटलं होतं सगळे पलीकडे असतील, फोटो, लाडू, गोंधळ. पण चोवीस माणसं खांबाच्या अलीकडे बसली होती, ओळीने, हरियाणात. मुलं चुन्याच्या खांबापाशी बुटांची टोकं सीमेला लावून उभी होती आणि एकाचंही पाऊल पलीकडे नव्हतं. पानांची पिशवी तशीच बांधलेली.

"अजून ओलांडलं नाहीत?" मी धापा टाकत विचारलं.

"सगळे आल्याशिवाय कोणी जायचं नाही असं ठरलंय," देवधर म्हणाले.

"कोणी ठरवलं?"

"लीडरने," देवधर म्हणाले आणि जाईकडे बोट केलं.

दरवर्षी मी सगळ्यांच्या आधी ओलांडत असे आणि पलीकडून हात हलवत असे. यंदा जाईने हात वर केला आणि सव्वीस माणसांनी एकदम पाऊल टाकलं. ऋता ओरडली, "हिमाचल!" आणि पुढची काही मिनिटं कोण कुणाला पान देतंय ते कळेना. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" सगळीकडून ऐकू येत होतं. कुणी मराठीत, कुणी "सोना लो जी" म्हणत. पद्मिनीवहिनी माझ्याकडे आल्या, पान दिलं, पण हसल्या नाहीत. मीही ते तसंच घेतलं. हसायला वेळ लागेल, आणि तो त्यांचा हक्क आहे.

जाई शेवटी आली. वाकून नमस्कार केला, माझ्या तळहातावर कचनारचं पान ठेवलं. इतका वेळ सगळ्यांना वाटून पिशवीत उरलेलं, एका कडेने थोडं फाटलेलं. मी काही बोलायला गेले तर तिने मला बोलू दिलं नाही.

"आई, तो गुडघा यंदा नीट करून घे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मी पुढे असेन. पण मागे कोणीतरी भरवशाचं लागतं. कोण थकलं, कोण मागे राहिलं, ते बघायला. तू राहशील?"

भरवशाचं, असं ती म्हणाली. मी तो शब्द नीट ऐकला.

"राहीन," मी म्हटलं.

उतरताना आम्ही चोनेच उतरलो. मी सगळ्यांच्या मागे होते. प्रत्येक वळणावर मी माणसं मोजली आणि हात वर केला, आणि पुढून जाईने हात वर केला. पायथ्याशी पोचलो तेव्हा सव्वीसच्या सव्वीस होते.